चाचणी लहान, गणित मोठ्याने

गणिताचा तास संपता संपता शिक्षक विचारतात, "समजलं ना सगळ्यांना?" वर्ग एका सुरात म्हणतो, "हो सर!" त्या होकारावर भिस्त ठेवून पुढचा धडा उघडला जातो. मग सहामाहीचे पेपर तपासायला बसलं की कळतं, कित्येकांनी एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश असं लिहून ठेवलंय. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. चूक जुलैत झाली, कळली ऑक्टोबरात. तोवर अपूर्णांकांवर उभे असलेले दशांश, शेकडेवारी, गुणोत्तर हे धडेही 'झालेले' असतात.

हे टाळता येतं. त्यासाठी नवं ॲप, स्मार्ट बोर्ड किंवा वेगळा निधी लागत नाही. गणित शिकवणाऱ्या सर-बाईंना, मुख्याध्यापकांना आणि पालकांना माझं सांगणं थोडकं आहे. चाचणी लहान करा, पण रोज घ्या. आणि गणित मोठ्याने होऊ द्या; मुलांनी ते उभं राहून, बोलून, जागा बदलून एकमेकांसमोर करून दाखवावं. या दोन गोष्टी सुट्या सुट्या केल्या तर फायदा अर्धाच. आजच्या चाचणीत वर्ग जिथे अडकलेला दिसेल, त्याच जागेवर उद्याचा खेळ बसवायचा, आणि खेळ मध्येच थांबवून पुढची चाचणी घ्यायची, असा हा जोडधंदा आहे.

पाटी वर करा

शितावरून भाताची परीक्षा ही म्हण वर्गात फसवते. पहिल्या बाकावरच्या मुलीने बरोबर उत्तर दिलं म्हणून शेवटच्या बाकावरच्या मुलाला ते आलं, असं होत नाही. चाळीस मुलं असतील तर चाळीस उत्तरं दिसली पाहिजेत, तीही एकाच वेळी. याचं साधन आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे: पाटी.

फळ्यावर एक प्रश्न लिहा. मुलांनी पाटीवर उत्तर लिहून पाटी छातीशी उलटी धरावी आणि तुम्ही "वर!" म्हटलं की सगळ्यांनी एकदम उंच करावी. शेजाऱ्याचं बघून बदलायला वेळ मिळत नाही, हात वर करायला लाजणारं मूलही सुटत नाही आणि वर्गाची खरी स्थिती तुम्हाला एका नजरेत दिसते. पाटी नसेल तर पाठकोरे कागद चालतील.

प्रश्न मात्र निवडून घ्यावा. चांगल्या प्रश्नाचं चुकीचं उत्तरही काहीतरी सांगतं. ३०२ मधून १७८ वजा करायला सांगा. १२४ आलं तर ठीक. २७६ आलं तर त्या मुलाने प्रत्येक ठिकाणी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे. उसना घेणं त्याच्या हिशेबातच नाही. १३४ आलं तर मूल उसना घेतंय, पण मधल्या शून्यापाशी अडकतंय. दोघांचंही उत्तर चूक, पण दोघांचा उपचार वेगळा. तसंच 'तीनशे पाच अंकांत लिहा' म्हटल्यावर ३००५ लिहिणारं मूल ऐकलं तसं लिहितं; त्याला स्थानिक किंमत पुन्हा हवी. ०.३५ आणि ०.७ यांत मोठी संख्या कोणती, असं विचारलं तर ०.३५ म्हणणारं मूल पस्तीस आणि सात यांची तुलना करत असतं. असे पाच-सहा प्रश्न प्रत्येक धड्यासाठी वहीत टिपून ठेवा. दोन वर्षांत तुमच्याकडे अशी वही तयार होईल, जी कुठल्याही गाइडमध्ये मिळत नाही.

आठवड्यातून एकदा, तास संपायच्या पाच मिनिटं आधी, चिठ्ठी घ्या. चिठ्ठीवर तीनच प्रश्न: एक आजच्या धड्यातला, एक गेल्या आठवड्यातला, एक गेल्या महिन्यातला. जुने प्रश्न मुद्दाम हवेत. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका गटाने दिलेला उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्या गटाने तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासलं तेव्हा चित्र उलटलं होतं: आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के, तर पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के मजकूर आठवला. प्रयोग गद्य उताऱ्यांवर होता, गणितावर नव्हे. तरी त्यातला बोध गणिताच्या प्रत्येक शिक्षकाने अनुभवलेला आहे. फळ्यावरचं उदाहरण वहीत उतरवून घेतलं की 'आलं' असं वाटतं. ते कोऱ्या कागदावर स्वतः मांडावं लागलं की मगच टिकतं. चाचणी म्हणजे शिकून झाल्यावरचा तपास, एवढंच आपण धरून चाललो आहोत. आठवायचा प्रयत्न हेही शिकणंच आहे.

गुण बाजूला ठेवा

या चिठ्ठ्यांवर गुण देऊ नका. गुण दिले की मूल गुण बघतं आणि चिठ्ठी दप्तरात जाते. रूथ बटलर यांनी १९८८ साली इस्राएलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला अभ्यास या बाबतीत प्रसिद्ध आहे. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त लेखी सूचना दिल्या, काहींना दोन्ही. पुढे प्रगती झाली ती फक्त सूचना मिळालेल्यांची. गुण आणि सूचना दोन्ही मिळालेली मुलं फक्त गुण मिळालेल्यांच्याच रांगेत राहिली. गुणाने सूचना गिळली.

चिठ्ठ्यांचे तीन ढीग करा: आलं, अडकलं, सुरूच झालं नाही. चाळीस चिठ्ठ्यांना दहा मिनिटं पुरतात. पहिल्या ढिगाला काही लिहू नका. दुसऱ्या ढिगावर एकच ओळ लिहा, उदाहरणार्थ 'आधी छेद समान करून बघ'. तिसऱ्या ढिगावर लिहून उपयोग नाही. त्या मुलांजवळ जाऊन बसावं लागेल. वर्गाचे खरे कार्यक्रम त्या ढिगांच्या उंचीवरून ठरतात.

हे सगळं नियमाबाहेरचं आहे, असं कुणी समजू नये. शिक्षण हक्क कायद्यापाठोपाठ २०१० पासून राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. पहिली-दुसरीला तर शंभरातले ७० गुण आकारिक मूल्यमापनाला ठेवले गेले. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, पुस्तकासह चाचणी ही सगळी तंत्रं त्यात कागदावर आहेत. अडचण अशी झाली की कित्येक ठिकाणी आकारिक म्हणजे नोंदवह्या भरणं, असंच समीकरण बसलं. नोंदी शिक्षकाने उद्याच्या तासासाठी करायच्या असतात. तपासणीला येणाऱ्या साहेबांनीही नोंदवहीतले रकाने मोजण्याआधी एकदा विचारावं, 'या नोंदीमुळे तुमचा पुढचा तास कसा बदलला?'

आणखी एक फुकटची गोष्ट: प्रश्न विचारल्यावर थांबा. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी वर्गांतल्या संवादांचं ध्वनिमुद्रण ऐकून दाखवलं की प्रश्नानंतर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात. तो अवधी तीन सेकंदांपर्यंत नेला की उत्तरं लांब होतात आणि अधिक मुलं बोलतात. तीन सेकंदांची शांतता फळ्यासमोर उभं राहून फार मोठी वाटते. मनात तीन आकडे मोजा आणि मगच बोला.

परवचा आणि कापरेकर

आता दुसऱ्या भागाकडे. सर्वांसमोर मोठ्याने गणित करणं आपल्याला नवं नाही. दिवेलागणीला परवचा, म्हणजे पाढे, म्हणायची रीत होती. बे, तीनबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे अपूर्णांकांचेही पाढे मुलं चालीत म्हणत. जिभेला आणि कानाला गणिताची सवय होती. पण त्या सुरातही एक दोष होताच. सगळे म्हणत असताना कोण नुसतेच ओठ हलवतंय हे कळत नसे, आणि असं का, हे विचारायला जागा नव्हती. तेव्हा लय ठेवावी आणि या दोन जागा भरून काढाव्यात.

आपल्यापुढे एक फार मोठा दाखला आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला जन्मले. १९३० ते १९६२ ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. गणितात पदव्युत्तर शिक्षण नाही, संशोधन संस्थेत जागा नाही. अंकांशी खेळण्याचा छंद मात्र जबर. त्या खेळांवर बोलायला त्यांना महाविद्यालयांतून बोलावणी येत. डोंबिवली स्थानकावर सुचलेल्या संख्यांना त्यांनी 'डेम्लो संख्या' असं नाव देऊन टाकलं. १९४९ साली त्यांनी ६१७४ या संख्येचा गुण जाहीर केला आणि १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिल्यावर हा देवळालीचा मास्तर जगभर माहीत झाला. महाराष्ट्रातल्या किती वर्गांत हा खेळ होतो? तो उद्या तुमच्या वर्गात व्हायला हरकत नाही.

वर्गात बसवता येतील असे तीन खेळ

पहिला खेळ ६१७४ चा. चार मुलांना पुढे बोलवा, प्रत्येकाच्या हातात एकेका अंकाची चिठ्ठी. सुरुवात कापरेकरांच्या जन्मसालापासून करा: १, ९, ०, ५. वर्गाने ओरडून सांगायचं आणि चौघांनी जागा बदलत आधी सर्वांत मोठी संख्या व्हायचं, मग सर्वांत लहान. ९५१० वजा ०१५९. बाकीच्यांनी पाटीवर वजाबाकी करायची. पाट्या वर: ९३५१. पुन्हा नवे चार अंक, पुन्हा रांग. ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या फेरीला ६१७४. आता पुढे करून बघा: ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. संख्या तिथून हलत नाही. चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ती इथेच येते. तिसरी-चौथीच्या वर्गाला तीन अंकी संख्या द्या, तिथे मुक्काम ४९५.

एक सूचना: मध्येच ०९९९ असं उत्तर आलं तर पुढचं शून्य टाकून देऊ नका, नाहीतर खेळ बिघडेल. आणि खेळ झाल्यावर जादू म्हणून टाळ्या घेऊन थांबू नका. विचारा, सगळ्या उत्तरांत समान काय आहे? अंकांची बेरीज करायला लावा. प्रत्येक उत्तर नऊने विभाज्य आहे, हे मुलं स्वतः शोधतात. सहावी-सातवीतल्यांना पुढचा प्रश्न: तेच अंक उलटसुलट करून वजा केल्यावर नऊचीच पट का येते? उसन्याच्या सात वजाबाक्या वर्गाने कुरकुर न करता केल्या, हा वर फायदा. ज्या दिवशी चिठ्ठ्यांत २७६ आणि १३४ जास्त दिसतील, त्याच्या दुसऱ्या दिवशीचा हा खेळ.

दुसरा खेळ मैदानावरचा. फक्कीने सरळ रेषा आखा, मध्ये शून्य, उजवीकडे दहापर्यंत धन, डावीकडे दहापर्यंत ऋण. नियम दोन: बेरजेला तोंड उजवीकडे, वजाबाकीला डावीकडे. संख्या धन असेल तर पुढे चालायचं, ऋण असेल तर मागे. आता 'उणे तीन वजा उणे पाच' करायला एका मुलीला उभी करा. ती उणे तीनवर उभी राहते, वजाबाकी म्हणून डावीकडे तोंड करते, उणे पाच म्हणून पाच पावलं मागे येते आणि दोनवर थांबते. 'ऋण ऋण धन' हे सूत्र पाठ करून जे पटत नाही, ते पायांना पटतं. त्याच रेषेवर शून्य ते एक एवढाच भाग मोठा करा आणि ०.३५, ०.७, अर्धा, तीन चतुर्थांश अशा चिठ्ठ्या घेतलेल्या मुलांना आपापली जागा शोधायला सांगा. कुणी कुणाच्या पुढे उभं राहायचं यावर जो वाद होतो, तो ऐकत राहा. तुमचा पुढचा धडा त्यात आहे.

तिसरा खेळ आठवीसाठी, चक्रवाढ व्याजाचा. तमाशातल्या बतावणीची आपल्या मुलांना उपजत जाण असते. एक सावकार, एक कुळ, आणि कुळाच्या कानाशी लागणारा एक आगाऊ दोस्त. कुळाला दहा हजार हवेत. सावकार गोड बोलून म्हणतो, "शेकडा पाच." वाक्य इथेच थांबवा. पाट्यांवर: शेकडा पाच दरमहा म्हणजे वर्षाला किती टक्के? कित्येक मुलं पाचच लिहितील. उत्तर साठ आहे. बतावणी पुढे चालू. कुळ एकही हप्ता भरत नाही आणि सावकार व्याज मुद्दलात मिळवत जातो. सरळव्याजाने वर्षअखेर सोळा हजार झाले असते. चक्रवाढीने सुमारे १७,९५९ होतात. पहिल्या तीन महिन्यांचा हिशेब मुलांनी हाताने करावा, पुढचा गणकयंत्रावर. या तासाला शिकलेलं व्याज शाळा सुटल्यावरही उपयोगी पडतं, आणि काही घरांत तर त्याच संध्याकाळी.

या तिन्ही खेळांत बघणारा वर्ग रिकामा बसत नाही, हे लक्षात घ्या. पाट्या वर झाल्याशिवाय खेळ पुढे जात नाही. पाच मुलं नाटक करतात आणि पस्तीस बघतात, असं झालं तर ती करमणूक झाली.

काही पथ्यं

वेगाची शर्यत लावू नका. शकुंतलादेवींनी १९८० साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजात दोन तेरा अंकी संख्यांचा गुणाकार २८ सेकंदांत तोंडी केला, याचं कौतुक जरूर सांगा. पण तो वर्गाचा मापदंड नाही. हातात घड्याळ धरलं की सावकाश पण नीट विचार करणारं मूल आधी गप्प होतं.

उभं राहून बोलायला घाबरणाऱ्याला ढकलू नका. त्याला अंकाची चिठ्ठी द्या, रेषेवरचं शून्य होऊ द्या, जोडीने बोलू द्या. चुकलेल्याला हसायचं नाही हा नियम पहिल्याच दिवशी सांगा आणि मोडला तर खेळ थांबवा. चांगली चूक नाव न घेता फळ्यावर लिहून वर्गाला विचारा, 'हे उत्तर कसं आलं असेल?' मुलींना हिशेब लिहायला आणि मुलांना सावकार व्हायला, अशी वाटणी होत नाही ना, तेही बघा.

युक्ती दाखवलीत तर कारणही दाखवा. झटपट गुणाकाराच्या युक्त्यांनी टाळ्या मिळतात, पण 'का' न कळलेली युक्ती आठवड्यात विसरते.

वेळ कुठून आणायचा?

'पोर्शन कधी संपवायचा?' हा प्रश्न रास्त आहे. रोजची पाटी पाच मिनिटं खाते. आठवड्याचा खेळ एक तास खातो. पण जो धडा पाटीवर सगळ्यांना आलेला दिसतो, त्याची पाच उदाहरणं तुम्ही सोडू शकता. आज आपण आलेलं पुन्हा शिकवतो आणि न आलेलं सोडून पुढे जातो. वेळ तिथे जातो.

द्विशिक्षकी शाळेत एकाच खोलीत दोन-तीन वर्ग असतात. तिथे हे काम उलट सोपं जातं. चौथीची मुलं दुसरीच्या पाट्या तपासतात, खेळ चालवतात, आणि समजावून सांगता सांगता त्यांचंच पक्कं होतं.

मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला विनंती अशी. २२ डिसेंबरच्या राष्ट्रीय गणित दिनी फोटोला हार आणि भाषण होतंच. त्याला जोडून अर्धा तास मुलांना द्या. १७ जानेवारीला कापरेकरांचा खेळ सगळ्या वर्गांत एकाच तासाला होऊ द्या. स्नेहसंमेलनात दोन नाचांच्या मध्ये चक्रवाढीची बतावणी बसवा. आणि पालक सभेत पालकांच्याच हातात पाट्या द्या.

पालकांनो, तुमच्याकडून एवढंच हवं. मूल घरी आलं की 'किती मार्क पडले?' याऐवजी 'आज कुठे अडलं?' असं विचारा. विजेचं बिल आलं की ते मुलासमोर उघडा. पहिल्या शंभर युनिटांना एक दर, पुढच्यांना चढा दर. बिल बरोबर आहे का ते त्याला तपासू द्या. रव्याच्या लाडवांचं प्रमाण दीडपट करायला मुलीलाच नाही, मुलालाही सांगा. उत्तर चुकलं तर लगेच दुरुस्त करू नका. 'कसं काढलंस ते सांग' म्हणा आणि शेवटपर्यंत ऐका.

सगळं एकदम सुरू करायचं ठरवलंत तर पंधरवड्यात सुटेल. म्हणून एकाच तुकडीपासून, एकाच प्रश्नापासून सुरुवात करा. सोमवारी फळ्यावर लिहा, ३०२ वजा १७८. पाट्या वर करायला सांगा, कुठली चुकीची उत्तरं किती आली ते वहीत टिपा, आणि मंगळवारचा तास त्या आकड्यांवरून ठरवा.